माठातलं गार पाणी

मंगळवार, संध्याकाळ

आज मी अण्णांवर ओरडले, तेही पाण्यावरून. डॉक्टर म्हणाले, किडनी फार थोडी उरलीय, लवकरच डायलिसिस लागेल, पाणी मोजूनच द्या. शुगरनं ती वर्षानुवर्षं आतून झिजत होती. पाय सुजले तेव्हा मला वाटलं, सोलापूरचं ऊन. मीच तांब्या पुढं करायचे, "प्या अण्णा, किडनी साफ होते."

आज त्यांनी एक घोट जास्त मागितला. एवढंच. "न्हाय म्हटलं की," असं म्हणून मी आत आले आणि माठातलं तांब्याभर पाणी उभ्यानंच प्यायले. तांब्या हळूच ठेवला, तरी वाजला.

बाहेरून अण्णा म्हणाले, "गार हाय का गं?"

"न्हाय अण्णा, कोमटच हाय."