पिवळा पंजा

डोंगरकडा,
८ जून २०२५

चि. रुद्र यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या बापाचं नाव निघालं की तुला लगेच दुसरा फोन येतो, म्हणून हे पत्र लिहिते. पत्र मधेच ठेवून देता येत नाही.

तू काढलेली चारही कॉमिक्स मिळाली. तुझा तो ‘पिवळा पंजा’ एवढ्या उन्हात बूट आणि मुखवटा घालून हिंडतो, त्याला घामोळं कसं येत नाही? ज्याला मारायचं त्याच्या खांद्यावर आधी हळदीचा पंजा उमटवतो, हे वाचून मी तर हळदीचा डबाच दोन दिवस उघडला नाही.

तुझ्या बापाला, संतरामदादाला, आता दिसत नाही. तुरुंगातून सुटून आला तेव्हापासूनचा खोकलाही वाढलाय. हिंगोलीच्या डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलंय. मी त्याला सगळे भाग वाचून दाखवले, चित्रं सांगितली. चौथ्या भागात पंजाचा भूतकाळ आहे ना, तो पहिला पंजा स्वतःच्या पोराच्याच खांद्यावर मारून निघून जातो, ते पान त्याने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, “माझ्या पोराला असं काहून वाटलं?” ते तूच सांग.

जेवण वेळेवर करत जा. आठवण ठेव.
तुझी आत्या,
शिवकन्या


पुणे,
२० जून २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

गुडघ्यांना तेल लावतेस की नुसतं कपाटात ठेवलंयस?

ते पान मी कल्पनेने काढलेलं नाही. मी पाच वर्षांचा होतो. पुसेगावचं आमचं अंगण, आई रडतेय, गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची जीप आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर त्याचे पिवळे हात. इतक्या जोरात दाबलं की मी खालीच बसलो. सदऱ्यावरचे डाग आईने घासघासून धुतले, गेले नाहीत. त्याने कोंडीबाकाकांना बांधाच्या भांडणात कुऱ्हाडीने मारलं आणि जाता जाता मलाही मारलं, एवढंच मला माहीत आहे. शाळेत मी खुन्याचा पोरगा होतो. आई गेल्यावर तू जवळ घेतलंस म्हणून निभावलो.

पाचव्या भागात पंजाचा मुलगा त्याला शोधून संपवतो. वाचक त्याचीच वाट बघताहेत. मला तिकडे बोलावू नकोस.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
रुद्र


डोंगरकडा,
५ जुलै २०२५

चि. रुद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. अर्ध्यात मी कागद खाली ठेवला, पण त्याने थांबू दिलं नाही. मग बराच वेळ खोकला आणि जे सांगितलं ते मीही आजवर ऐकलेलं नव्हतं.

तो दिवस पोळ्याच्या आदल्या दिवसाचा, खांदेमळणीचा. तू वाढलास ते माझं घर किराणा दुकानवाल्यांचं, इथे बैल नाहीत. तू ती खांदेमळण पुन्हा कधी जवळून पाहिलीच नाहीस, ही माझी चूक म्हण. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सुजतात, म्हणून त्यांना तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. कोंडीबाला मारून दादा घरी आला. पोलीस येणार हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने बैलांचे खांदे मळले. तू समोर उभा होतास. त्याने उरलेल्या तूप-हळदीने तुझेही मळले. म्हणाला, “म्या मारलं न्हाई पोराला. घराचं जू आता ह्या लेकराच्या खांद्यावर येणार व्हतं, म्हणून मळले. हात कापत व्हते, जोर झाला आसंल.” आवतण द्यायच्या आत त्याला जीपमध्ये बसवलं.

कोंडीबाला त्याने मारलं, ते खरंच मारलं. त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण तुला मारलं नाही रे. तुला पोळ्याला बोलावलंय त्याने.

वाट पाहते.
तुझी आत्या,
शिवकन्या


पुणे,
१० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेल्या दशम्या अजून पुरवून खातोय.

तुझं पत्र मिळालं तेव्हा पोळ्याचंच तिकीट काढलं, लगेच निघालो नाही. अप्पांना तोवर दम निघणार नाही हे मला कळायला हवं होतं. याचं दुःख आता जाणार नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. अंगणात अप्पांना शेवटची आंघोळ घातली तेव्हा तू आत होतीस. शेजारच्या अमृतरावांनी तूप-हळदीची वाटी माझ्या हातात दिली. बाकीचे पायांकडून लावत होते. मी खांदे घेतले. आत्या, किती हाडं लागली हाताला. सावकाश मळले, जोर होऊ दिला नाही. मग कानाशी वाकलो. लोकांना वाटलं मी रडतोय. रडतही होतो. पण मी म्हणत होतो, “अप्पा, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

पाचवा भाग बदललाय, प्रकाशक रागावलेत. कोंडीबाकाकांना पुसून टाकलं नाही, ते पहिल्याच पानावर आहेत. पण शेवटच्या पानावर अंगण आहे, मुखवटा उतरवलेला माणूस आणि पोराचे पिवळे खांदे.

पोळ्याला येतोय. आवतण दिलंय, तेव्हा एक ताट जास्तीचं वाढ.

तुझा,
रुद्र संतराम