डोळे कोणी आखले

२ जुलै २०१९, पेण
आजपासून रोजनिशी. आजपासून कारखान्यात जातपात बंद. आमच्याकडे नव्हतीच, पण ठरवून टाकलेलं बरं. कातकरवाडीवरच्या जनीला आखणीला बसवलं. गणपतीचे डोळे आता ती आखणार. हात फार सुंदर आहे पोरीचा. कारागीर काळुरामने तोंड वाकडं केलं. मी बघितलंच नाही. मोठ्या मनाच्या माणसाने बारीकसारीक बघू नये.

१४ जुलै
काळुरामचा मोबाईल हरवला. त्याने सरळ जनीची पिशवी जमिनीवर उलटी केली. मी तिथेच होतो. मोबाईल त्याच्याच शाडूच्या गोणीखाली निघाला. जनी म्हणाली, शेट, माजीच पिशवी का? समजावलं की सगळ्यांच्याच बघणार होतो, तुझी जवळ होती. मलाही शाळेत जाड्या म्हणायचे, मी कधी मनाला लावून घेतलं नाही. ती सांडलेलं सामान पिशवीत भरायला लागली. पटलं असणार.

२८ जुलै, दुपार
रोह्याचे हैबतराव मूर्ती बघायला आले. मंडळाचे अध्यक्ष, जुनं गिऱ्हाईक. जनीकडे बघत म्हणाले, डोळं तरी आपल्या मानसाकडनं करून घ्या, देव हाय तो. ती ऐकत होती. मी ताडकन उठलो. चहा सांगून आलो. तोवर विषय बदलला होता.

२८ जुलै, संध्याकाळ
जनीची जागा माळ्यावर केली, पडद्याआड. खाली धूळ फार. वर उजेड कमी आहे. उद्या बल्ब.

२९ जुलै
बल्ब राहिला. जनी म्हणाली, मला काय नको शेट, फकस्त येक डाव सगल्यांसमोर सांगा, डोळं जनी आखते म्हनून. शब्द दिला. हैबतराव मूर्ती न्यायला येतील तेव्हाच सांगणार, तोंडावर. भाषण लिहायला घेतलंय. माणुसकीपासून सुरुवात छान जमली.

२५ ऑगस्ट
हैबतराव टेम्पो घेऊन आले. मूर्तीपुढे हात जोडून उभेच राहिले. म्हणाले, काय डोळं हायत, बोलतील आता! कुनी आखलं? जनी शिडीवर ब्रश धरून उभी. काळुराम माझ्याकडे बघतोय. मी म्हणालो, आपल्या घरचंच काम. खोटं नाही काही, कारखाना घराला लागूनच आहे. भाषण खिशात राहिलं आणि शर्ट धुवायला गेला.

बायको म्हणाली, जीभ कुठं गेलती तुमची? शांती नाव ठेवून काही उपयोग झालेला नाही. धंद्यातलं तिला काय कळतं?

२६ ऑगस्ट
तोडगा सापडला. जनीला घरच्या गणपतीचं आमंत्रण दिलं. आपल्या मूर्तीचे डोळेही तिनेच आखलेत. चतुर्थीला सगळ्या पाहुण्यांदेखत सांगणार. आईदेखत. आईदेखतच! जनी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

२ सप्टेंबर, चतुर्थी
आरती झाली. घर भरलेलं. आई म्हणाली, यंदा डोळं किती गोड रं, कुनी आखलं?

मी म्हणालो, मी.

तोंडातून निघून गेलं. सगळ्यांनी कौतुक केलं, मामांनी पाठ थोपटली. वळून बघतो तर दाराबाहेर ओट्यावर जनी. नवी साडी, केसात अबोली. कधी आली कोण जाणे. शांती म्हणाली, आत ये गो. आई म्हणाली, तिथंच बरी हाय ती. मी धावत जाऊन तिच्या हातावर मोदक ठेवले. म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की सांगतो. ती म्हणाली, शेट, आखणीला दुसरी बघा. आणि मोदक ओट्यावर ठेवून निघून गेली. प्रसाद असा टाकू नये. माणसाने यांच्यासाठी करायचं तरी किती?

पाहुणे गेल्यावर आईने ओटा धुवायला सांगितला. शांती जागची हलली नाही.

मग मीच धुतला. मुंग्या लागल्या होत्या म्हणून.