परसोंचं वायरिंग

२ जाने., गुरुवार
नारायणगुड्याच्या पुलावर डॅशबोर्डखालून धूर. गाडी कडेला घेतली, बॅटरीची तार उपटली, धूर थांबला. नीला तोवर उतरून दहा पावलं लांब. दोघंही धड. तारनाक्याला ऑटोने घरी. वाटेत ती एवढंच बोलली, "विकणारा म्हणाला होता ना, वायरिंग परसों करवाया?"
म्हणाला होता. इथल्या बोलीतल्या परसोंत दहा वर्षंही मावतात, हे मला जन्मापासून ठाऊक. ती पुण्याची. तिने परसों म्हणजे परवाच, असं समजून होकार दिला. मी दुरुस्त केलं नाही. गाडी हवी होती.

३ जाने.
संक्रांतीला बीदरला जायचंय, नीलाच्या बहिणीकडे. त्यासाठीच तर निवृत्तीनंतर ही जुनी गाडी घेतली. "तुम्ही जा गाडीने. मी बसने येते." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं.

५ जाने., रवि.
सगळंच वायरिंग नवं करायचं. घराच्या कामातून उरलेलं बंडल घेऊन रहीमभाईंच्या गॅरेजात. अस्सल तांबं, जाड. जाड म्हणजे सुरक्षित, असा माझा हिशोब. त्यांनी टोक सोललं. आत एकच तार.
"साब, ये घर का वायर है. घर हिलता क्या?"
"नहीं."
"गाडी हिलती. हिल हिल के ये अंदर से टूटता."
बंडल परत माळ्यावर.

६ जाने.
दुकानातून दोन नमुने, दोन्हींत केसासारख्या बारीक तारा. रहीमभाईंनी ब्लेडने खरवडलं. एकाचं तांबं नुसतं वरवर, आत पांढरं ॲल्युमिनियम. बाद. दुसऱ्याचं आवरण पकडीत धरून ज्योतीला लावलं; ज्योत काढताच विझलं. हीच घ्यायची. किती जाड? "जैसा लोड, वैसा वायर. दूर जाता तो और मोटा."
आणि धूर का? "फ्यूज वायर को बचाने का रहता, साब. पहलेवाला बडा फ्यूज डाल दिया. वायरिच जल गया."
गाडी कधी? "परसों."
उभा जन्म वर्तमानपत्रात, डेडलाइनवर गेला. म्हटलं, रहीमभाई, वार सांगा. हसले. "हौ साब, शनिवार."

७ जाने.
नीलाला इथल्या परसोंचं सांगून टाकलं. ती गाजर किसत होती, हात थांबला.
"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."
"हो."
"धुराचं मी विसरेन. ह्याला वेळ लागेल."
पुन्हा किसायला लागली. मला उगाच हलकं वाटलं.

११ जाने., शनि.
"मीपण येते," म्हणाली. गॅरेजात उलटतपासणी तिचीच.
"वायर कब डाले?"
"परसों, अम्मा."
"कौनसा परसों?"
रहीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. "मंगल को शुरू किया, आज सुबू खतम," निमूटपणे म्हणाले. मग तिने बोनेट उघडायला लावलं. वायर पत्र्यातून जाते तिथे रबराची कडी, पत्र्याने घासू नये म्हणून. बोटाने दाबून पाहिली. दिवे, हॉर्न, वायपर, सगळं लावून बघितलं.
येताना मात्र मी गाडीत, ती मागून ऑटोत. आरशात दिसत होती.

१२ जाने., रवि.
दुपारी घरात नीला दिसेना. दारातल्या गाडीत, मागच्या सीटवर, दार सताड उघडं, मटार सोलत बसलेली. "ऊन चांगलंय इथे."
समोर उभा राहिलो. चार दाणे खाल्ले. "बीदरला येशील गाडीने?"
"बसेन की."
"कधी?"
"परसों."
आज बारा तारीख. संक्रांत चौदाला. पुण्याचं परसों की इथलं, विचारलं नाही. चाकांत हवा भरून आणली.