जवसाचं दुसरं पाणी

ता. ९ ऑगस्ट

चि. सूनबाई हिस अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. म्हणजे खरं तर दोघीच, कारण तुझा नवरा ट्रक घेऊन बुधवारी गेला तो आता पुढच्या गुरुवारी उगवेल. देवाच्या कृपेने माझे गुडघे फारशी कुरकुर करत नाहीत. तुझी परिचारिकेची पहिली परीक्षा कशी गेली ते रविवारी विचारायचं राहूनच गेलं. तुझी लेक फोन सोडेल तर ना! चार वाजले की आपली मुंगी मुंगळ्यासारखी फोनला चिकटते, मला मेलीला दोन वाक्यंही मिळत नाहीत. म्हणून हा पत्राचा घाट. मॅट्रिकला निबंधात बरे मार्क होते, ते असे कारणी लागतात.

लिहायचं मुख्य कारण तिचे केस. जाताना तू कृतीचा कागद दिलास, तो मी माझ्या हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला. सुटा कागद काय, हरवतो. चार चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आच, सारखं ढवळायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचं. गार झालं की एक चमचा कोरफडीचा गर, पाच थेंब तेल. बाटली फ्रीजमध्ये, आठवड्यात संपवायची. ओल्या केसांना लावायचं आणि धुवायचं नाही. हे शेवटचं तू दोनदा अधोरेखित केलंस, म्हणजे मला चांगली ओळखतेस. पहिल्या दिवशी मी धुतलंच होतं. डोक्याला काही फासून पोरीला तशीच शाळेत पाठवायची हे मनाला पटेना. तू त्याला कंडिशनर म्हणतेस, मी आपली चीक म्हणते. पण आता धूत नाही, खरंच.

एक विचारते, हसू नकोस. गाळून उरलेले जवस टाकून द्यायचे असं तू लिहिलंस. तेच पुन्हा कपभर पाण्यात उकळले तर? मला तरी त्यांत अजून बराच चीक दिसतो. असे भरलेले दाणे केरात टाकताना जीव तुटतो. सहज विचारते आहे. केलं आहे असं नाही.

केस मात्र अलीकडे फार गुंततात. हवेमुळे असेल. सकाळी मानेवर पक्ष्याचं घरटंच तयार असतं. तू दाखवलंस तसं मी आधी बोटांनी सोडवते, मग मोठ्या दातांच्या फणीने, टोकाकडून वर. पण तुझ्या हाताखाली ती गाणी म्हणायची, माझ्या हाताखाली किंचाळते. काल म्हणाली, आजी, तू केस विंचरतेस का गवत उपटतेस. वय वर्षं सात, आणि जीभ बघ. वरच्या मजल्यावरची शिवणवाली खाली येऊन विचारून गेली, पोरीला मारता की काय हो. मी म्हटलं, मारत नाही बाई, विंचरते. ती म्हणाली, मग मारलेलं बरं. आम्ही दोघी हसलो. मुंगी हसली नाही.

तुला जाऊन दोन महिने झाले, सहा राहिले. ती कॅलेंडरवर पेन्सिलीने फुल्या मारते. मी म्हणते, येईल हं लवकर. लवकर म्हणजे किती, असं तिने विचारलं. मी कुकर बघायला उठले.

काळजी करू नकोस. निघताना तुला म्हणाले होते, तू निर्धास्त जा, मी आहे. आहेच मी. नीट शीक, वेळेवर जेव, देव तुझ्या पाठीशी आहे.

तुझ्या सासूबाई

*

ता. १ सप्टेंबर

चि. सूनबाई हिस आशीर्वाद.

काल फोनवर घाईत सांगितलं ते नीट लिहिते, नाहीतर तिकडे नसते विचार करत बसशील. शाळेत उवा पसरल्या आहेत. तिच्या वर्गात चार-पाच मुलींना झाल्या, त्यांतून हिला. एवढ्या दाट कुरळ्या केसांतून लिखा काढायच्या म्हणजे दिवस पुरायचा नाही. कोपऱ्यावरची पार्लरवाली म्हणाली, आजी, कापून टाका. म्हणून कापले. बरेच कापले. आता उवा नाहीत. मला झाल्या नाहीत. उशांचे अभ्रे उकळले, चादरी दोन दिवस कडक उन्हात टाकल्या, फणी उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवली. शेजारच्या घरीही सांगून ठेवलं.

मला वाटलं होतं तू चिडशील. ते केस तू कसे जपलेस ते मी पाहिलं आहे. पण तू शांतपणे म्हणालीस, "बरं झालं आई, तुमचाही रोजचा त्रास वाचला." हायसं वाटलं. फोटो मागितलास, पण माझ्या फोनचा कॅमेरा धूसर झाला आहे. तुझा नवरा आला की बघू.

जवस डब्यात झाकून ठेवले आहेत. आता करायचं काम नाही.

मुंगी बरी आहे. जेवते. जरा गप्प असते एवढंच. आणि टोपी घालते. ती जुनी विणलेली, निळी. शाळेत घालू देत नाहीत म्हणून घरी आल्यावर.

तू अभ्यासाकडे लक्ष दे, इकडचं माझ्यावर सोड.

सासूबाई

*

ता. १५ सप्टेंबर

सूनबाई,

मुंगी शाळेत गेली आहे. तीन वाजता येईल. त्याआधी हे लिहून टपालपेटीत टाकायचं आहे, उद्यावर ढकललं तर माझा धीर होणार नाही.

उवा नव्हत्या. तिच्या डोक्यात नव्हत्या, वर्गातही कुणाच्या नव्हत्या. मी खोटं बोलले, आणि मग तेच खोटं उशांच्या अभ्र्यांसकट तुला लिहून पाठवलं. तुझ्या नवऱ्यालाही उवाच सांगितल्या आहेत. तो म्हणाला, केस काय, येतात परत.

पहिल्यापासून सांगते. दुसरं पाणी मी केलं होतं. तुला सहज म्हणून विचारलं तेव्हा तीन आठवडे झाले होते करून. पहिल्या उकळीचा चीक बोटावरून तारेसारखा उतरतो, दुसऱ्या उकळीचा पाण्यासारखा ओघळतो, हे मला दिसत होतं. तरी दोन्ही एकत्र करून बाटली भरायची. एकदा तेच दाणे तिसऱ्यांदाही उकळले. असं पाणी लावलेले केस वाळले की राठ व्हायचे आणि नुसत्या उशीने गुंतायचे. गुंता म्हणून ओढाओढ, ओढाओढ म्हणून रडारड, त्यात शाळेची घंटा. मूठभर जवस वाचवायला मी रोज सकाळी तुझ्या पोरीला अर्धा तास रडवत होते आणि तुला हवेचं कारण लिहीत होते. तू उलट टपाली कळवलंस की दाणे पुन्हा उकळू नका, चीक पहिल्याच पाण्यात उतरतो. ते वाचूनही मी म्हटलं, आधीची बाटली तरी संपू दे.

त्या शुक्रवारी फणी मानेपाशी अडकली. ती स्टुलावरून उठून पळाली, केसांत फणी तशीच लटकलेली. मी तिला दंडाला धरून परत आणली, बसवली आणि बोलले. बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "या केसांना कंटाळूनच तुझी आई गेली बघ."

रागाच्या भरात बोलले असं लिहिता आलं असतं. पण एवढा काही राग नव्हता. तोंडात आलं, बोलून गेले. ती एकदम शांत झाली. मान ताठ धरून बसली. आणि मी खूश झाले, की आज पोर शहाण्यासारखी बसली.

शनिवारी सकाळी मी देवापुढे बसले होते. न्हाणीघरातून कसला तरी आवाज येत होता. जप अर्धा टाकून उठायचं नाही अशी माझी सवय, म्हणून पूर्ण करून उठले. ती पालथ्या बादलीवर बसली होती. हातात दुधाच्या पिशव्या कापायची कात्री. फरशीवर केस, फ्रॉकवर केस, पायांच्या बोटांत केस. एका बाजूला कानापर्यंत राहिलेले, दुसऱ्या बाजूला कातडी दिसेपर्यंत गेलेले, कानामागे थोडं रक्त. मला पाहून ती घाबरली नाही. म्हणाली, "आजी, आता आईला बोलव. आता काही त्रास नाही."

हे वाक्य मी पंधरा दिवस कुणाला सांगितलं नाही. देवालाही नाही. त्याला माहीत असेल, पण माझ्या तोंडून गेलं नाही. जपाला बसते, माळ ओढते आणि उठते.

पार्लरवालीने जमेल तेवढं सारखं करून दिलं. हे कुणी केलं असं तिने विचारलं आणि मी म्हटलं, उवा झाल्या होत्या. खोटं पहिल्यांदा तिथे बोलले. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा ते तयारच होतं. मनाला समजावलं की खरं सांगितलं तर ही हातातलं टाकून पहिली गाडी धरेल, आणि तीन दिवसांवर रजा झाली की तिथे नाव कमी करतात, एवढ्या मुश्किलीने मिळालेली जागा जाईल. हे खोटं नाही. पण ते कारण वरचं. आतलं कारण हे की तू पोर माझ्याजवळ ठेवणार नाहीस, आणि त्यात तुझं काही चुकणार नाही.

आता यापुढचं तुला माहीत असणं सगळ्यांत गरजेचं आहे. त्या रविवारी फोन स्पीकरवर होता. मुंगी माझ्या मांडीला टेकून बसली होती. तिची समजूत अशी, की आजी आता सांगणार आणि आई येणार. मी उवा म्हटलं तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तू म्हणालीस, बरं झालं, त्रास वाचला. तू माझ्या काळजीने म्हणालीस. तिने काय ऐकलं ते तुला मी सांगायला नको. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, मग कधी येते? मी म्हटलं, ठरलं आहे तेव्हाच, शिक्षण संपल्यावर. ती उठून आत गेली. त्या दिवसापासून कॅलेंडरवर फुली नाही.

त्यानंतरचे दोन्ही रविवार ती खेळायला गेली आहे असं मी तुला सांगितलं. ती पलंगाखाली होती. टोपी आता झोपतानाही काढत नाही.

काल तुझा फोन झाल्यावर मी पलंगाशी जमिनीवर बसले आणि तिला सांगितलं. आई शिकायला गेली आहे, तुझ्या केसांना कधीच कंटाळली नव्हती, ती तर ते विंचरायला लवकर उठायची. मी बोलले ते खोटं होतं, माझं चुकलं.  पलंगाखालून आवाज आला, "तू आईला उवा सांगितलंस. तू काहीही सांगतेस."

साठी उलटली माझी. असं मला कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं ते बरोबर होतं. मी विचारलं, मग तुला खरं कसं वाटेल? तिने विचार केला. पावलं तेवढी दिसत होती, एकावर एक घासत होती. म्हणाली, "आईला सगळं सांग. मग आई तुला ओरडली, की खरं."

तर मी सगळं सांगितलं आहे. काही ठेवलेलं नाही.

हे पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळेल. त्याच क्षणी फोन करावा वाटला तर कर, निघून यावंसं वाटलं तर ये. तिला घेऊन जायचं ठरवलंस तर कपडे घडी करून मी तयार ठेवीन, तोंड वाकडं करणार नाही. शिक्षण पुरं करायचं ठरवलंस तर इथे मी आहे, पण ते आता तू मागितलंस तरच म्हणेन. काय करायचं ते तू ठरव, तुझ्या नवऱ्याशी बोलून ठरव. त्यालाही आज रात्री परत आला की सांगणार आहे.

पण जे काही ठरवशील त्याच्या आधी, रविवारी चार वाजता, मला ओरड. फोन स्पीकरवर ठेवून मी पलंगाजवळ बसेन, म्हणजे ती खाली असली तरी तिला नीट ऐकू येईल. सासूला कसं बोलू असं मनात आणू नकोस. नऊ वर्षांत एकदाही तू मला उलटून बोललेली नाहीस, त्यामुळे जड जाईल हे मला कळतं. तरी बोल. माझ्या पोरीला असं म्हणायची तुमची हिंमत कशी झाली, असं विचार. दाण्यांवरून बोल, कात्रीवरून बोल, उवांवरून तर बोलच. माझ्या वयाकडे पाहू नकोस, आवाज खाली आणू नकोस. तू माझा मान राखलास तर पोरीला खरं वाटणार नाही.

मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुझी सासू