हमिदाची दुसरी भाषा

११ जून १९४५

हेडमास्तरांनी आज नसतं लोढणं गळ्यात अडकवलं. नव्या मुलांना आणि त्यांच्या बापांना मॅट्रिकचे नियम समजावून सांगायचे. मीच का? तर, "शास्त्रीबुवा, तुमची वाणी स्पष्ट आहे." म्हणजे तोंड फाटकं आहे! सरळ बोलायची या माणसाला शपथ आहे.

१४ जून

सभा झाली. घसा बसला. उपयोग शून्य.

इंग्रजी, मराठी, गणित, इतिहास-भूगोल आणि दुसरी भाषा — संस्कृत किंवा फारसी. एकात नापास तो सगळ्यात नापास. तीनदा सांगितलं. तरी उसाचे बागाईतदार आबासाहेब उठलेच. "मास्तर, थोरला हुशार हाय. त्यानं दोघा भावांचं मिळून लिवलं तर चालंल का? घरातलाच हाय की." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकत्र कुटुंब आहे, मग पेपरही एकत्र! यांच्यापुढे कपाळ बडवून तरी काय होणार?

मागे बाबाजान बांगडीवाला उभा होता, शेजारी त्याची हमिदा. मराठी फायनलला तालुक्यात पहिली आलेली पोरगी. डॉक्टरीण व्हायचंय म्हणे. कारकुनानं न विचारताच तिच्या नावापुढे फारसी घातलेलं. मुसलमान म्हटलं की फारसी, ही आमच्या शाळेची रीत. आणि फारसीचे मुन्शी मोहियोद्दीन नजर गेली म्हणून वर्षभर घरी बसलेत! मी म्हणालो, "फारसी घ्या नि मॅट्रिक विसरा. त्यापेक्षा पोरीला बांगड्या भरायला शिकवा." मंडळी पोट धरून हसली. मलाही बरं वाटलं.

१६ जून

शाळेत खडू नाहीत. मॅट्रिक मात्र सगळ्यांना हवं.

१९ जून

हमिदा शाळेत आलीच नाही. बाबाजान तिचं लग्न ठरवतोय असं कळलं. संतापून त्याच्या घरी गेलो. त्यानं अदबीनं खाट टाकली.

"तुमीच म्हनला न्हवं, मॅट्रिक इसरा. संगमनेरचं स्थळ आलं हुतं, मी थांबवून धरलं हुतं पोरीपायी. आता कशासाठी थांबू?"

अहो, ती थट्टा होती, असं म्हणायला गेलो, तर म्हणतो, "पोरीच्या जन्माची थट्टा मास्तर कशाला करंल?" हमिदा आत चुलीपाशी होती, बाहेर आली नाही. तिची आई म्हणाली, सभेपासून जेवली नाही धड. लाज वाटली मला. जन्मात इतकी वाटली नव्हती.

२० जून

मी तिला माझ्या संस्कृतच्या वर्गात बसवतो म्हणालो. हेडमास्तर दचकले. "संस्थेचे लोक काय म्हणतील?" संध्याकाळी बाबाजानला विचारलं. "जमात काय म्हनंल?" एक बी.ए., एक निरक्षर, अक्कल एकाच दुकानातली! लोक म्हणजे नेमके कोण, विचारलं तर दोघंही आढ्याकडे बघतात.

२३ जून

संस्कृत बारगळलं. मुन्शींकडे गेलो. म्हणाले, "शाळेत यायला आता डोळे नाहीत. घरी पाठवा. पुस्तक तिनं वाचावं, मी ऐकेन. चूक कानाला कळते." हेडमास्तरांनीही मान डोलावली. त्यांना काय, शाळेच्या खिशाला तोशीस नाही.

अडला तो बाबाजान. "एकल्या पोरीला न्हाई धाडनार. बरुबर शिकनारं आनखी कुनी पायजे. मिळालं तर संगमनेरला न्हाई म्हनून कळवतो. न्हाई तर सोमवारी सुपारी फोडतो."

जोडीदार शोधत दिवसभर घरोघर हिंडलो. एकही बाप पोर द्यायला तयार नाही. तांबोळ्याचा शमशेर तर हसून म्हणाला, "फारसी घेऊन मॅट्रिक होत न्हाई, शास्त्रीबुवा. भर सभेत तुमीच सांगितलं." सहा महिने घोकून माझ्या वर्गातल्या पोरांना एक श्लोक येत नाही, आणि माझं ते एक वाक्य अख्ख्या गावाला पाठ!

२४ जून

हेडमास्तर म्हणाले, "सोडून द्या आता. तुम्ही तरी काय करणार?" सोडून देण्यात त्यांचा हात कोण धरणार! रात्री बाबाजानकडे जाऊन जोडीदाराचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "तुमी सोता?"

२५ जून

मुन्शींच्या ओसरीवर चटईच्या एका टोकाला हमिदा, दुसऱ्या टोकाला मी. पाटीवर पहिली ओळ मी डावीकडून काढली. हमिदानं मुन्शींना लगेच सांगितलं. त्यांनी मला ती पुसून उजवीकडून काढायला लावली.