मागच्या गाडीची काच

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि असताना तरी तुम्ही कुठं पत्रं वाचत होता. गॅरेजवर आलेलं पोस्टकार्डसुद्धा तुम्ही चहावाल्याकडून वाचून घ्यायचा. मीही आठवीतनं उठलेला, त्यामुळे हे किती धड जमेल सांगता येत नाही. पण काल बॉसच्या गाडीला टोचन लावलं आणि तेव्हापासून डोक्यात तुम्हीच आहात. इथं सिंगापुरात टोचन म्हटलं तर कुणाला कळत नाही. आमच्या यार्डात एक तमिळ अण्णा आहेत, वयानं तुमच्याएवढे असतील, त्यांच्याशी मी मोडक्या हिंदीत बोलतो. त्यांना सांगितलं, आमच्याकडं बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला दोरानं बांधून ओढतात आणि मागच्या गाडीत स्टिअरिंग धरून एक माणूस बसतो. ते म्हणाले, "और वो आदमी तुम होगा." म्हटलं, हो, मीच.

घाटाखालचं आपलं गॅरेज मला अजून वासासकट आठवतं. पत्र्याचं छप्पर, काळं पडलेलं बाकडं, आणि बाहेर तुमची जुनी जीप, तिला मागं हूक. वरच्या वळणांवर कुणाची गाडी बसली की निरोप यायचा, तुम्ही दोर टाकायचा आणि मला म्हणायचा, "चल, मागं बसायला कोण नाय." मी बसायचो. इंजिन बंद, ब्रेक दगडासारखा, स्टिअरिंग ओढायला दोन्ही खांदे लागायचे. निघण्याआधी तुम्ही खिडकीतनं हात बाहेर काढून तुमच्या दारावर दोन थापा मारायचा. मी माझ्या दारावर एक मारायचो. मग तुम्ही ओरडून विचारायचा, "हाईस का?" आणि मी "हाय" म्हटल्याशिवाय जीपचा क्लच सुटायचा नाही. रस्त्यात थांबलो, चहा झाला, परत निघालो, की परत तेच. मला लाज वाटायची. आत बसलेला दिसतोय की मी, परत विचारायचं काय?

त्याचं कारण तुम्ही एकदाच सांगितलं होतं, तेही आई हसायला लागली म्हणून. मी जन्मायच्या आधी तुम्ही एक टेंपो ओढत आणला होता. त्याचा ड्रायव्हर लघवीला उतरला होता आणि तुम्हाला वाटलं बसलाय. तुम्ही निघालात. मागनं तो माणूस लेंगा धरून पळतोय आणि रिकामा टेंपो पहिल्याच वळणाला दोर तोडून हॉटेलच्या बाजल्यांत शिरला. कुणाला लागलं नाही. आई सांगायची, "हे खाली उतरून त्या रिकाम्या टेंपोलाच शिव्या देत होते." तुम्ही हसत नव्हता. तुम्ही म्हणाला होता, "मागं कोण हाय का न्हाय, हे पुढच्यानं इचारायचं असतं. मागच्याला सांगता येत न्हाय."

हे वाक्य तेव्हा कानावरनं गेलं. माझं लक्ष पुढच्या जीपवर असायचं, कारण मला ती चालवायची होती. घाट उतरताना एकदा मी आरशात केस नीट करत होतो, ब्रेकवरचा पाय सैल पडला, दोर ढिला होऊन चाकाखाली गेला आणि असा हिसका बसला की माझं नाक स्टिअरिंगवर आपटलं. तुम्ही उतरून आलात. वाटलं आता कानफटात बसणार. तुम्ही तुमच्या गळ्यातला पंचा माझ्या नाकाला लावलात आणि म्हणालात, "तुला गाडी चालवायला बसवलं नाय. दोर ताठ धरायला बसवलंय. मागं बसून पुढं जायची लई घाई तुला." तो पंचा ग्रीसनं भरलेला होता, नाकात दिवसभर तोच वास. त्याच दिवशी मी मनात ठरवलं की या दोराच्या टोकाला आपण राहायचं नाही. पुढं दोन-तीन ठिकाणी कामं धरली आणि सोडली, मग एजंट भेटला, आणि एक दिवस तुम्ही मला एसटी स्टँडवर सोडायला आलात. गाडी निघाली तेव्हा तुम्ही खालनं पत्र्यावर दोन थापा मारल्या. कंडक्टर म्हणाला, "ओ काका, घंटी आहे आमच्याकडं." मी मान आत घेतली. माझ्याबरोबर निघालेला मित्र शेजारी बसला होता ना.

इथं मी क्रेन, लॉरी, पंप सगळ्याला हात लावतो. जुरोंगच्या बाजूला यार्ड आहे, झोपायला डॉर्मिटरी. तुमचा फोन यायचा, साधारण आमच्या जेवणाच्या सुट्टीत. तुम्ही म्हणायचा, "हाईस का?" मी म्हणायचो, "हाय, बोला." मग तुम्ही काही बोलायचाच नाहीत. मागनं ट्रक गेल्याचा आवाज यायचा, कुणीतरी पाना मागायचं. मी चिडायचो. "अहो आबा, काय ते बोला ना, माझं जेवण राहतंय." तुम्ही म्हणायचा, "काय न्हाय. जेव." नंतर तुमची छाती दुखायला लागली, गॅरेज बंद झालं, तुम्ही घरी बसलात, आणि फोन कमी झाले. मी समजलो, बरं चाललंय. पैसे वेळेवर पाठवत होतो, त्यापुढं विचार गेला नाही. तुम्ही गेल्याचं चुलतभावानं कळवलं तेव्हा मी क्रेनच्या खाली पाठीवर पडलेलो होतो. मला बाहेर यायलाच सुचेना. पोचलो तोवर सगळं झालेलं.

आता कालचं सांगतो. आमच्या चिनी बॉसनं म्हातारपणी एक मोटारहोम घेतलंय, म्हणजे बसएवढं चालतं घर, आत पलंग, गॅस, संडास, सगळं. ते सिंगापुरात आणू देत नाहीत म्हणून पुलापलीकडे मलेशियात, जोहोरला उभं असतं. बायकोला घेऊन थायलंडपर्यंत जायचं त्याचं चाललंय. एवढं मोठं धूड गल्लीबोळात जात नाही, म्हणून मागं त्याचा फोर-बाय-फोर ट्रक ओढत न्यायचा, आणि मुक्कामाला पोचलं की ट्रक सोडून फिरायचं. ट्रॉली नाही, काही नाही. ट्रकची चारही चाकं रस्त्यावर. मी आणि अण्णांनी यार्डात ट्रकच्या पुढच्या बंपरमागं चासीला लोखंडी पट्टी बसवली, तिला ओढायचा दांडा आणि दोन्ही बाजूंना साखळ्या. काल रविवारी बॉस मला घेऊन जोहोरला गेला. मी दांडा जोडला, पिना टाकल्या, साखळ्या लावल्या, मागच्या दिव्यांची वायर जोडली, ट्रकच्या किल्लीनं स्टिअरिंग मोकळं केलं. मग गिअर न्यूट्रलला टाकला, जसा तुम्ही शिकवला होता तसा, आणि ट्रकच्या सीटवर बसून दार ओढून घेतलं.

बॉस खिडकीशी आला. "यू सिट हिअर फॉर व्हॉट?"

मी म्हटलं, "स्टिअरिंग, बॉस. होल्डिंग."

"नो नीड होल्ड. दिस वन फॉलो बाय इटसेल्फ. अलाऊड पण नाही लाह." 'लाह' हे इथल्या बोलण्याचं शेपूट, आणि 'पण नाही' त्यानं आमच्याकडूनच उचललंय, यार्डात सारखं ऐकून. "कम. सिट फ्रंट. माय वाइफ ऑल्सो नेव्हर सिट बॅक."

मी उतरलो आणि पुढं त्याच्या शेजारी बसलो. आबा, आयुष्यात पहिल्यांदा टोचनच्या पुढच्या गाडीत. समोर छोटा पडदा आहे, त्यात मागचा कॅमेरा दिसतो. आम्ही ताडाच्या मळ्यांमधल्या रस्त्याला लागलो, पहिलं वळण आलं आणि पडद्यात मी बघितलं, ट्रकची पुढची चाकं आपोआप वळली. काचेतनं स्टिअरिंगही फिरताना दिसलं. सीट रिकामी. मी बॉसला म्हटलं, "स्टॉप, बॉस. चेक." कारण तुम्ही पहिल्या वळणानंतर नेहमी थांबायचा, उतरून चाकांना आणि गिअरबॉक्सला उलटा हात लावून बघायचा. तो कुरकुरला, "जस्ट स्टार्ट ओन्ली," पण थांबला.

चाकं गार होती. खाली शिरून गिअरबॉक्सला हात लावला तर गरम. चटका बसावा असं नाही, पण एवढ्याशा अंतरात गरम लागायला नको होता. अण्णांना फोन लावला. त्यांनी विचारलं, कुठला गिअर न्यूट्रल केला. म्हटलं, गिअर म्हणजे गिअर. ते म्हणाले, "अरे बाबा, छोटावाला न्यूट्रल, बडावाला गिअर में. तू उल्टा किया." मोठ्या गिअरशेजारचा फोर-बाय-फोरचा छोटा दांडा, तो न्यूट्रल केला की चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटतो. मी तो तसाच ठेवला होता, म्हणून चाकं मागनं गिअरबॉक्सला फिरवत होती, आणि इंजिन बंद असताना आत सगळीकडं तेल पोचत नाही. असंच थायलंडला गेलो असतो तर गिअरबॉक्स जळून गेला असता. तुम्ही घाटातनं गॅरेजपर्यंत चार-दोन मैल ओढायचा, तिथं हे कधी लागलंच नाही. बॉस मला म्हणाला, "बुक इनसाइड, यू नेव्हर सी आह?" मी म्हटलं, सॉरी. त्यानं पुस्तक माझ्या हातात दिलं, चित्र दाखवलं, आणि स्वतःच छोटा दांडा न्यूट्रलला, मोठा गिअरला टाकून दिला. मग म्हणाला, "लकी यू आस्क स्टॉप."

पुढं निघालो. मी पडद्यावरनं नजर काढली नाही. इंजिन बंद असलेली गाडी, पुढचा नेईल तिकडं मुकाट वळते आणि आतनं काही होत असलं तर पुढच्याला पत्ता लागत नाही. तेव्हा मला कळलं, आबा. मी एसटीत बसलो त्या दिवसापासून पुढची गाडी माझी झाली होती. घर माझ्या मागं होतं, तुम्ही मागं होता, इंजिन बंद करून दोर ताठ धरून बसला होता. विचारायचं माझ्याकडं होतं. आणि तरी दर वेळी फोन तुम्हीच करत होता, मागनं, जे तुमच्या नियमात बसत नव्हतं. मी नुसतं "हाय" म्हणून सांगत राहिलो. तुम्ही आहात का, हे एकदाही विचारलं नाही. छाती दुखते हेसुद्धा मला आईनं सांगितलं.

आईला रात्री फोन करायचा होता, तो आज सकाळी केला. म्हटलं, "आई, आहेस का?" ती म्हणाली, "हाय की, कुठं जाणार?" आणि मग गप्प. मी पण काही बोललो नाही, पण फोन ठेवला नाही. तिचा कुकर झाला तेवढा वेळ.

एक राहिलं. बॉसनं परत निघताना विचारलं, ट्रकची ड्रायव्हर बाजूची काच खाली का ठेवलीस, पाऊस येईल. मी म्हटलं, तेलाचा वास जायला. त्याला पटलं. पुढं खरंच सर आली, सीट भिजली, मी ती माझ्या शर्टानं पुसली. वास काही नव्हता, आबा. गिअरबॉक्स बघायला उतरलो तेव्हा काच मीच खाली केली होती, आणि परत निघताना बॉस मिररमध्ये बघत होता तेव्हा माझा हात पुढच्या गाडीच्या खिडकीबाहेर होता. दारावर दोन थापा मारल्या, हळू, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मग कान मागं लावून बसलो.