गिअरबॉक्सचं टॉनिक

प्रिय धाकटोबास,

परवा मी बाबांच्या गाडीचं गिअर ऑइल स्वतःच्या हाताने बदललं. हसून घे. जन्मभर मुलांकडून धातुरूपं घोकून घेतलेला मास्तर बावन्नाव्या वर्षी गाडीखाली उताणा पडला. पण तुझे नियम पाळले हं. आधी चार-पाच किलोमीटर फिरवून तेल कोमट केलं, आणि खालचा बोल्ट काढण्याआधी वरचा, तेल भरायचा, सुटतो का ते पाहिलं. खालून तेल सांडून बसायचं आणि वरचा बोल्ट जाम निघाला तर गाडी जागची हलायची नाही, हे तूच सांगितलं होतंस, कपाळाला हात लावून.

बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आता ड्रायव्हिंग शिकवणं सोडलंय. गुडघा क्लच दाबू देत नाही. सूचना मात्र अखंड चालू. “पाना उलटा धरलायस, पंडित.” धरलाच होता.

मला राहून राहून अकरा वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवत होती. हीच गाडी, हेच काम. तेव्हा खाली तू होतास. मला म्हणालास, “टॉर्च धर, तेवढं तरी जमेल.” मी दुकानातून एक बाटली आणली होती. तेलात ओतायची, की म्हणे घर्षण नाहीसं आणि गिअर लोण्यासारखे. तू तिच्यावरचं लेबल वाचून ती बाजूला ठेवलीस. “अरे दादा, हिला टॉनिक नको. आतली पितळी रिंग गिअरला घट्ट पकडते, दोघांचा वेग जुळतो, मग गिअर अलगद पडतो. नुसतं गुळगुळीत करून ठेवलंस तर ती पकडणार कशाने? जा, परत देऊन ये.” मी बरं म्हणालो. बारावीत दोनदा गचकलेल्या भावाने मला घर्षण शिकवावं, हे मात्र चांगलंच झोंबलं होतं. शिवाय आमच्या डोक्यात ‘अधिकस्याधिकं फलम्’ पक्कं बसलेलं.

पंधरा दिवसांत तिसरा गिअर करकरू लागला. मग लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी बाबांच्या विद्यार्थिनीला भर चौकात तो पडेचना. बिचारी घाबरली, गाडी बंद पडली, मागच्या ट्रकने कसाबसा ब्रेक मारला. कुणाला खरचटलं नाही, पण बाबांची उभ्या आयुष्याची अब्रू त्या चौकात गेली. ते गाडी घेऊन तडक तुझ्या गॅरेजात आले, मी मागोमाग. तुझ्या मालकासमोर, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “बापाच्या गाडीत हयगय करतोस, लोकांच्या गाड्यांचं काय करत असशील?” तू बोल्ट सोडवलास, बोटावर तेल घेतलंस, हुंगलंस. आणि माझ्याकडे पाहिलंस.

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी चष्मा पुसत बसलो. महिन्याभरात तू गाव सोडलंस, आणि घरी सांगायला मला ‘त्याचा स्वभावच तापट’ हे वाक्य सापडलं. ज्याने त्या दिवशी चकार शब्द काढला नाही, तो तापट!

परवा मी गाडीखाली असताना शेजारचे काका डोकावले. बाबा त्यांना कौतुकाने सांगू लागले, “थोरल्याचा हात बघा कसा चोख. धाकट्याने याच गाडीची वाट लावली होती.” मी तसाच बाहेर सरपटत आलो. अंगभर तेल, काका उभे. म्हणालो, “बाबा, ती बाटली मी ओतली होती. तो कामावर गेल्यावर, नळी लावून, सगळीच्या सगळी.” काकांना घरी काहीतरी काम आठवलं. बाबांनी एकच विचारलं, “त्याला कळलं होतं?” म्हटलं, “तेल हुंगल्याबरोबर.” ते आत गेले. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, “तो गप्प राहिला, आणि मी अकरा वर्षं बडबडतोय.”

तू घरी ये, असं लिहायला मी बसलेलो नाही. “त्याने का यावं? जायचं ते मी,” असं बाबांनी बजावलंय. येत्या रविवारी आम्ही निघतो. गाडी मी चालवीन. तिकडे तुझ्या स्वतःच्या गॅरेजच्या दारात, तुझ्या कारागिरांसमोर त्यांना तुझी माफी मागायची आहे. आरोप चारचौघांत केला, तर माफी कोपऱ्यात नको, असं त्यांचं म्हणणं. माझी माफी वेगळी. ती त्यांच्या आड उभं राहून मागणार नाही. तुला हे नको असेल तर शनिवारपर्यंत तसं कळव. तुझं उत्तर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवीन, माझ्याविषयी जे असेल त्यासकट, एक शब्दही न गाळता.

तुझाच, बोलायला अकरा वर्षं लावलेला,
दादा